लुंड-माल्मोला निघालेल्यांसाठी: स्कोनेची बोली कानात कशी बसवायची

पुस्तकातली स्वीडिश पक्की करून, ॲपवरचा रोजचा धडा न चुकवता पोरं लुंडला पोचतात आणि आठवड्याभरात माझ्या फोनवर व्हॉइस मेसेज येतो: "मॅडम, ही माणसं स्वीडिशच बोलत्यात न्हवं? मला कायबी कळंना झालंय." बोलतात स्वीडिशच. पण स्कोनेची, म्हणजे लुंड-माल्मो ज्या दक्षिणेकडच्या प्रांतात आहेत तिथली. ॲपमधली बाई स्टॉकहोमची असते आणि लुंडच्या बसचा ड्रायव्हर स्टॉकहोमचा नसतो, एवढाच घोटाळा आहे.

मी कोल्हापुरात, राजारामपुरीत स्वीडिशची शिकवणी घेते. नवऱ्याच्या नोकरीमुळं लुंडला बरीच वर्षं काढली, पोरगी तिथल्याच बालवाडीत गेली, आणि माझी स्वीडिश वर्गापेक्षा त्या बालवाडीच्या दारात जास्त घडली. हे लिहिते आहे ते विद्यापीठात, एरिक्सनमध्ये, टेट्रा पॅकमध्ये किंवा जोडीदाराच्या मागोमाग तिकडं निघालेल्या आपल्या माणसांसाठी. एक गोष्ट आधीच ठरवून टाका: ही बोली बोलायची नाही, ऐकायची आहे. कोल्हापुरात आलेला पुणेरी माणूस तिसऱ्या दिवशी 'लई भारी भावा' म्हणायला लागला की आपल्याला कसं वाटतं? त्यांनाही तसंच वाटतं. तुम्ही पुस्तकीच बोला. त्यांना ते समजतं. अडतं ते फक्त आपलं.

सुरू करण्यापूर्वी तीन रकान्यांची वही घाला. डावीकडं डॅनिश, मधे स्कोने, उजवीकडं स्टॉकहोम. 'ही बोली खरी स्वीडिश की बिघडलेली डॅनिश?' हा प्रश्न मला दर तुकडीत कुणीतरी विचारतंच, आणि मी त्याचं उत्तर देत नाही. प्रत्येक आवाज, प्रत्येक शब्द मधल्या रकान्यात लिहायचा आणि तो डावीकडच्याला जास्त जवळ आहे की उजवीकडच्याला, ते बघून त्या बाजूला बाण काढायचा. दोन पानं भरली की दिसेल, बाण दोन्हीकडं जातात. काही कुठंच जात नाहीत.

आधी नकाशा, मग कान

स्कोने म्हणजे स्वीडनचं दक्षिण टोक. समोर ओरेसुंदची सामुद्रधुनी आणि पलीकडं डेन्मार्क. हेल्सिंगबोरीच्या धक्क्यावर उभं राहिलं तर पलीकडचं हेल्सिंगोर दिसतं. मधे चार किलोमीटरच्या आसपास पाणी, बोटीनं वीस मिनिटं. माल्मोहून कोपनहेगनला १ जुलै २००० ला पूल झाला, त्यावरून रेल्वेनं पाऊण तासाच्या आत पोचता येतं. स्टॉकहोम मात्र रेल्वेनं साडेचार तास लांब. विमानसुद्धा तुम्ही बहुतेक कोपनहेगनलाच उतरणार आहात, म्हणजे स्वीडनला निघालेल्या माणसाच्या कानावर पहिली पडणार ती डॅनिश.

१६५८ पर्यंत हा सगळा मुलूख डेन्मार्कचाच होता. त्या हिवाळ्यात समुद्र गोठला, स्वीडनचा राजा कार्ल दहावा गुस्ताव यानं बर्फावरून फौज नेली, आणि फेब्रुवारीत रोस्किल्दच्या तहात डेन्मार्कनं स्कोने, ब्लेकिंगे, हालांद आणि बोर्नहोम बेट सोडून दिलं (आणखीही मुलूख गेला, पण आपल्या कामाचा एवढाच). १६६६ मध्ये लुंडला विद्यापीठ काढलं, ते या नव्या मुलखाला स्वीडिश वळण लावण्यासाठीच. ज्या गावात तुमचा मुलगा डेटा सायन्स शिकायला चाललाय, ते विद्यापीठ त्या कामासाठी उभं राहिलं होतं. चर्च आणि शाळा स्वीडिश झाल्या, लिखाण स्वीडिश झालं. शेतावरचं बोलणं लगेच झालं नाही.

हे मला कुणी वेगळं समजावून सांगावं लागलं नाही, कारण माझं माहेर चंदगडचं. १९५६ ला राज्यांची फेररचना झाली तेव्हा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, चंदगड तालुका तेवढा वगळून. तो मुंबई राज्यात ठेवला आणि कोल्हापूरला जोडला. आमच्या आजीची बोली त्या कायद्याच्या आदल्या दिवशी जी होती तीच दुसऱ्या दिवशी होती: मराठी म्हणावी तर कोकणीकडं झुकलेली, वर कन्नडची फोडणी. कोल्हापुरात मला अजून विचारतात, "गोव्याच्या काय तुम्ही?"

तुलनेला इथं एक पाचर मारून ठेवते. पोरं लगेच कोल्हापुरी आणि कन्नडचं उदाहरण घेतात. ते इथं लागू पडत नाही. कन्नड द्राविडी, मराठी आर्यकुळातली. तिथं शेजारामुळं देवघेव झाली, नातं रक्ताचं नाही. डॅनिश, स्वीडिश आणि स्कोनेची बोली एकाच आजीच्या नाती. तिथं शब्द उसना आला की घरातच होता, हे ओळखणं म्हणूनच अवघड जातं. मराठी-कोकणीसारखं.

घशातला र

कानाचा पहिला धडा 'र'चा, आणि यालाच सगळ्यात जास्त वेळ द्या. एवढं बसलं तरी अर्धी बोली उलगडते.

स्टॉकहोमकडचा र आपल्यासारखा जिभेच्या शेंड्यानं होतो. त्याच्या मागोमाग त, द, न, स किंवा ल आला की दोघं मिळून एकच मूर्धन्य आवाज बनतो. मुलाला लिहितात 'बार्न', म्हणतात 'बाण'. टेबल लिहितात 'बूर्द', म्हणतात 'बूड'. आखूड या अर्थाचा शब्द 'कॉर्त', म्हणताना 'कॉट'. इंग्लंड-अमेरिकेतली माणसं हे ट, ड, ण जमवताना रडकुंडीला येतात आणि आपल्याला ते फुकट मिळालेले आहेत. माझ्या वर्गात पहिल्याच दिवशी सगळे खूश असतात.

स्कोनेत ही चैन संपते. तिथला र पडजिभेजवळ घासून निघतो. घसा खाकरताना जिथं खरखर होते तिथून. र मागं गेल्यामुळं पुढच्या त-द-न ला तो मूर्धन्य करू शकत नाही. दोन्ही आवाज वेगळे राहतात. त्यामुळं 'बाण' ऐकायची सवय लागलेल्या कानाला खरखरीत 'बाऱ्ह-न' असं काहीतरी ऐकू येतं आणि माणूस गोंधळतो. सराव असा करा: 'ख' म्हणताना हवा अडवू नका, घासत सोडा, मग त्यात आवाज मिसळा. रोज सकाळी आरशासमोर पाच मिनिटं 'बार्न, बूर्द, कॉर्त' आधी स्टॉकहोमच्या पद्धतीनं, मग स्कोनेच्या. बोलायचं नाही म्हणाले होते खरं, पण जो आवाज तोंडातून एकदा गेला तो कानाला पटकन सापडतो. घरात कुणी बघत नसताना करा.

आता वहीत बाण कुठं काढाल? डावीकडं, डॅनिशकडं. आणि गंमत इथं आहे. हा घशातला र १६५८ च्या आधीचा वारसा नव्हे. तो दक्षिणेकडून, डेन्मार्कच्या बाजूनं, सीमा बदलून बराच काळ लोटल्यावर पसरत आला. स्कोने तेव्हा स्वीडनचंच होतं. राजा बदलला, शाळा बदलली, तरी हा आवाज पाणी ओलांडून आला, आणि वर जाता जाता स्मोलांद या उत्तरेकडच्या प्रांताच्या आसपास थांबला. एखादा आवाज डॅनिशसारखा आहे म्हणून तो जुना असलाच पाहिजे, असं धरून चालू नका.

डॅनिश माणूस यापुढं एक पायरी जातो. शब्दाच्या शेवटचा र तो जवळजवळ गिळतो, मागं 'आ'सारखा स्वर तेवढा उरतो. रेल्वेत शेजारचं बोलणं स्कोनेचं की कोपनहेगनचं हे ओळखायचं असेल तर शब्दांच्या शेवटाकडं लक्ष ठेवा.

क चा ग, त चा द, प चा ब

हा धडा मला स्वतःला सगळ्यात आवडतो, कारण यातून स्वीडिश येणाऱ्याला डॅनिश पाट्या वाचता येतात.

दीर्घ स्वराच्या मागं आलेले क, त, प जुन्या डॅनिश मुलखात मऊ पडले: ग, द, ब झाले. स्कोने तेव्हा त्या मुलखात होतं, म्हणून तिथंही झाले. स्टॉकहोमकडं झाले नाहीत. आता तीन रकाने भरा. केक: उजवीकडं 'काका', मधे 'कागा', डावीकडं डॅनिश लिखाणात 'कागे'. रस्ता: 'गाता', 'गादा', 'गादे'. चावणं: 'बीता', 'बीदा', 'बीदे'. जेवण: 'मात', 'माद', 'माद'.

मधला रकाना नीट बघा. व्यंजन डॅनिशसारखं मऊ, पण शेवटचा 'आ' स्वीडिशसारखा जागच्या जागी. डॅनिशमध्ये शब्दाच्या शेवटचे हे स्वर मध्ययुगातच झिजून एकसारखे 'ए' झाले. सामुद्रधुनीच्या पूर्वेला ते टिकले. म्हणजे व्यंजन एका बाजूला आणि स्वर दुसऱ्या बाजूला, एकाच शब्दात. १३०० च्या सुमाराला स्कोनेचा कायदा रून या तिकडच्या जुन्या लिपीत उतरवलेला आहे, ती पोथी कोपनहेगनमध्ये जपून ठेवली आहे. डॅनिश तिला आपल्या भाषेचा ठेवा मानतात आणि स्कोनेवाले आपल्या, आणि दोघंही बरोबर आहेत.

सूत्र म्हणून वापरायचं तर असं: स्वीडिश शब्द घ्या, मधलं कठोर व्यंजन मऊ करा, शेवटचा आ काढून ए लावा, पाटीवरचा डॅनिश शब्द पुष्कळदा हाताला लागतो. कोपनहेगनमध्ये रस्त्यांच्या नावाच्या शेवटी जिथं तिथं 'गादे' दिसेल, तो तुमचा 'गाता'च. ऐकताना मात्र हे सूत्र पुरत नाही. डॅनिश माणूस ते मऊ व्यंजनही विरघळवतो: 'कागे' लिहितो आणि 'केये'च्या जवळपास काहीतरी म्हणतो, आणि 'माद'मधला द आपल्या कानाला चक्क ल वाटतो. वाचताना डॅनिश सोपी आणि ऐकताना अवघड, ही तक्रार खुद्द स्वीडिश लोकांचीच आहे.

एक इशारा. 'कागा', 'गादा' हे तुम्हाला माल्मोच्या कॉफीशॉपमध्ये ऐकू येणार नाही. शहरातल्या तरुणांचं बोलणं आता शब्दांनी आणि व्यंजनांनी बहुतेक पुस्तकी स्वीडिशच आहे. स्कोनेचं उरलंय ते र मध्ये, स्वरांमध्ये आणि चालीत. मऊ व्यंजनं खेड्यातल्या जुन्या माणसांकडं, जुन्या ध्वनिफितींत आणि गावांच्या-घरांच्या नावांत सापडतील. कागदावर शिकून ठेवा, बाजारात शोधू नका.

वाकडे स्वर

स्कोनेचे दीर्घ स्वर सरळ उभे राहत नाहीत. एका जागी सुरू होतात आणि घसरत दुसऱ्या जागी जातात. राहणं या अर्थाचा 'बू' 'बेउ'सारखा होतो, घर म्हणजे 'हूस' ते 'हेउस'कडं झुकतं, सूर्य म्हणजे 'सूल' तो 'सेउल'. प्रांताचं नावसुद्धा 'स्काउने'च्या जवळ जातं. देवनागरीत हे जेमतेमच पकडता येतं, आणि गावागणिक घसरण वेगळी असते, म्हणून पाठ करू नका. फक्त एवढी सवय लावा: स्वर वाकडा ऐकू आला की त्याच्या सुरुवातीकडं लक्ष न देता शेवटाकडं द्या. 'हेउस'चा शेवट ऊ आहे, म्हणजे शब्द 'हूस' असणार. नव्वद टक्के वेळा भागतं म्हणायचा मोह होतो, पण आकडा ठोकून देत नाही, बऱ्याचदा भागतं.

जे दोन स्वर आपल्याकडं मुळातच नाहीत, तेही इथंच उरकून घ्या. जीभ 'ए'ला ठेवा, ओठ 'ओ'सारखे गोल करा: हा एक, मी पुढं तो 'यो' असा लिहिते. जीभ 'ई'ला, ओठ 'ऊ'सारखे: हा दुसरा. जीभ हलवायची नाही, ओठच फक्त. माझ्या विद्यार्थ्यांना हे मिनिटात जमतं आणि दोन वाक्यं झाली की जीभ परत घरी जाते.

सुराबद्दल थोडक्यात. स्वीडिशमध्ये शब्दाला दोन प्रकारचे सूर असतात. 'आंदेन' एका सुरात बदक, दुसऱ्या सुरात आत्मा. स्कोनेतही हे दोन सूर आहेत. डॅनिशमध्ये त्यांच्या जागी घशात एक बारीक अडकल्यासारखा झटका असतो, तो स्कोनेत नाही. इथं बाण उजवीकडं. पण स्टॉकहोमच्या दुसऱ्या सुराला दोन उंचवटे येतात, स्कोनेच्या सुराला एकच, तोही जरा उशिरा. ॲपनं शिकवलेली चाल स्कोनेत भेटत नाही ती यामुळं.

शब्दांची पिशवी

मुलगा हा 'पोग', मुलगी 'त्योस'. स्टॉकहोमकडं 'पोयके' आणि 'फ्लिका', डॅनिशमध्ये आज 'द्रेंग' आणि 'पीये'; 'त्योस' मात्र डॅनिशमध्येही आहे. 'पोग' शिकायला पुस्तक नको, दुकानात पावाच्या पाकिटावर 'पोगेन' लिहिलेलं दिसेल. माल्मोची १८७८ पासूनची बेकरी आहे ती.

घाण, कचरा, शेण याला 'म्योग'. डॅनिशमध्येही हाच शब्द. ढकलगाडी 'रुलेब्योर', डॅनिश 'त्रिलेब्योर', तर स्टॉकहोमकडं 'स्कॉतशेरा', काही संबंध नाही. गिरणी 'म्योला', डॅनिश 'म्योले', स्टॉकहोमकडं 'क्वाण' (लिहिताना 'क्वार्न', वरचा र चा नियम आठवा). माल्मोत पोचल्यावर पहिल्या आठवड्यात तुम्हाला कुणीतरी 'म्योलन'ला जायला सांगेलच. तो मोलेवोंगेन भाग, चौकात भाजीबाजार आणि आजूबाजूला आशियाई किराणा. कोथिंबीर, हिरवी मिरची, डाळी तिथं मिळतात. ओंगळ, किळसवाणं म्हणजे 'रेलिग', वेडपट माणूस 'फुबिक'. शेवटचा शब्द ओळखायला शिका, वापरायला नको.

'नाही'ला स्टॉकहोमवाला 'इंते' म्हणतो, स्कोनेवाला 'एंते', डॅनिश 'इके'. बाण उजवीकडं. बघा, र डावीकडं गेला, नकार उजवीकडं आला.

फसवे शब्द मात्र नीट लक्षात ठेवा. 'ग्रीना' म्हणजे स्टॉकहोमकडं बहुधा रडणं, डॅनिशमध्ये 'ग्रीने' म्हणजे हसणं. स्कोनेची जुनी माणसं डॅनिशसारखीच हसण्याला 'ग्रीना' म्हणतात. बालवाडीच्या दारात बाई सांगत्येय की आज तुमची पोरगी खूप 'ग्रीना' करत होती, तर चेहरा पाडण्याआधी बाई कुठल्या ते विचारून घ्या. नव्या पिढीत दोन्ही अर्थ कानावर पडतात, त्यामुळं विचारण्यात कमीपणा नाही. उलट 'रूलिग' हा शब्द स्कोनेत स्वीडिश बाजूला आहे: गमतीचा, मजेदार. डॅनिशमध्ये तोच शब्द म्हणजे शांत. आणि 'फ्रुकोस्त' स्वीडनमध्ये न्याहारी, पुलापलीकडं 'फ्रोकोस्त' म्हणजे दुपारचं जेवण. कोपनहेगनच्या हॉटेलात खोली घेताना उपयोगी पडतं.

आकडे: पुलावर उतरून टाका

आकड्यांची सीमा मात्र अगदी समुद्राच्या मधोमध आहे. स्कोनेत आकडे पूर्ण स्वीडिश: पन्नास 'फेमतिओ', सत्तर 'शुतिओ'. साधे दहाच्या पटीचे. पलीकडं कोपनहेगनमध्ये पन्नासाला 'हॅल्त्रेस' म्हणतात आणि स्वीडिश माणसाचा चेहरा कोरा होतो.

मराठी माणसाचा व्हायचं कारण नाही. डॅनिश लोक पन्नास ते नव्वद हे आकडे विसावर मोजतात आणि त्यात अर्धा धरतात. पन्नास म्हणजे 'अर्धा-तिसरा' वीस, म्हणजे अडीच विसा. साठ तीन विसा. सत्तर 'अर्धा-चौथा', साडेतीन विसा. ऐंशी चार विसा. नव्वद साडेचार विसा. ज्यांच्या आजोबांनी अडीचकी आणि औटकी पाठ केली होती त्यांनी याला भिऊ नये. आजोबा आठवड्याच्या बाजारात विसावरच हिशोब करायचे. शिवाय ब्याण्णव म्हणताना डॅनिश माणूस आपल्यासारखाच आधी दोन म्हणतो, मग नव्वद. स्वीडिश आधी नव्वद म्हणतो, मग दोन. माझ्या शिकवणीत डॅनिश आकडे एका तासात होतात. लुंडमधल्या माझ्या स्वीडिश शेजारणीला ते जन्मभर जमलेले नाहीत, ती कोपनहेगनमध्ये सरळ कार्ड पुढं करते.

काय ऐकायचं, कुठल्या क्रमानं

क्रम महत्त्वाचा. एकदम खेड्यातल्या आजोबांची ध्वनिफीत लावाल तर पहिल्याच दिवशी सोडून द्याल.

सुरुवात माल्मोच्या शहरी बोलीनं करा. झ्लातान इब्राहिमोविच माल्मोचाच, त्याच्या स्वीडिश मुलाखती भरपूर सापडतात; र आणि स्वर स्वच्छ ऐकू येतात आणि फुटबॉलचे शब्द निम्मे ओळखीचे असतात. त्यानंतर स्वीडिश रेडिओची स्थानिक केंद्रं: पी-फोर माल्मोहूस पश्चिमेकडचं, पी-फोर क्रिस्तिआनस्ताद ईशान्येकडचं. इंटरनेटवर फुकट आहेत. हिवाळ्यात आपण त्यांच्या साडेचार तास पुढं, उन्हाळ्यात साडेतीन, म्हणजे त्यांच्या सकाळच्या बातम्या आपल्याकडं दुपारच्या जेवणाच्या आधी लागतात. निवेदकाकडं कान देऊ नका, तो जपून बोलतो. रस्त्यावर गाठून प्रश्न विचारलेला शेतकरी किंवा मासेवाला ऐका. दोन मिनिटांचा तुकडा पाच वेळा, बस.

मग 'स्वेदिया' नावाचा बोलींचा संग्रह उघडा. विसाव्या शतकाच्या अखेरीस स्वीडन आणि फिनलंडमधल्या शंभराहून जास्त गावांत जाऊन केलेलं ध्वनिमुद्रण आहे. प्रत्येक गावातली म्हातारी बाई, म्हातारा, तरुण मुलगी, तरुण मुलगा. एकाच गावातले म्हातारा आणि तरुण लागोपाठ ऐका. दोन पिढ्यांत मधल्या रकान्यातून काय काय गळून गेलं ते वहीत लिहून काढा. ध्वनिमुद्रण सोडून फक्त लेखी याद्या वाचणाऱ्यांना मी तरी शिकवत नाही.

जुन्या माणसांच्या बोलण्यात आणखी एक गोष्ट सापडेल, ती आपल्याला घरच्यासारखी वाटेल: तीन लिंगं. पुस्तकी स्वीडिश आणि कोपनहेगनची डॅनिश दोघींनीही पुल्लिंग-स्त्रीलिंग एकत्र करून दोनावर भागवलं. स्कोनेच्या जुन्या बोलीत तो, ती, ते तिन्ही वेगळे राहिले.

हे सगळं बसल्यावर बोर्नहोम ऐका. हे बेटही १६५८ च्या तहात स्वीडनला दिलं होतं, पण त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिथल्या लोकांनी उठाव केला, स्वीडिश अंमलदाराला मारलं आणि बेट परत डेन्मार्कच्या राजाला दिलं. १६६० च्या तहात ते तिकडंच राहिलं. बोली स्कोनेच्या कुळातलीच, तिथंही शेवटचा आ टिकला, तिन्ही लिंगं टिकली. आज तिला डॅनिशची बोली म्हणतात आणि तिच्या बहिणीला स्वीडिशची. फरक पाडला तो एका उठावानं. वर कोपनहेगनहून बोर्नहोमला जायचा नेहमीचा रस्ता स्वीडनमधून जातो: पूल ओलांडून इस्तादला, तिथून बोटीनं रोन्नेला.

सगळ्यात शेवटी कोपनहेगनची डॅनिश. स्कोनेत राहिल्यानं ती किती सोपी जाते, याची पाहणीसुद्धा झालेली आहे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॉर्डिक पाहणीत डॅनिश समजण्यात माल्मोच्या तरुणांना दहापैकी पाचाच्या जरा वर गुण मिळाले आणि स्टॉकहोमच्यांना साडेतीनच्या आत. म्हणजे जवळ राहूनही निम्मंच. दोघांनाही नॉर्वेकरांनी मागं टाकलं होतं, पण तो वेगळा विषय.

तिथं गेल्यावर वागायचं कसं

'तुम्ही डॅनिश बोलताय का?' असं स्कोनेच्या माणसाला विचारू नका. उरलेल्या स्वीडनमध्ये त्यांच्या बोलण्याला 'घशात खिमट अडकल्यासारखं' म्हणून हसतात, आणि त्यांना ते पुरेसं ऐकून झालेलं आहे. लाल जमिनीवर पिवळा क्रूस असलेला झेंडा घरावर दिसला तर तो स्कोनेचा. तांबडा डेन्मार्कचा, पिवळा स्वीडनचा. त्या घरी बोलीचं कौतुक केलंत तर कॉफी नक्की. ही स्वतंत्र भाषा आहे असं मानणारी मंडळीही भेटतील. स्वीडनच्या अधिकृत अल्पसंख्य भाषांत फिनिश, मिएन्किएली, सामी, रोमानी आणि यिद्दिश आहेत, स्कोनेची नाही. यावर वाद घालायला तिथं जुनी माणसं आहेत; आपण ऐकावं.

समजलं नाही तर इंग्रजीत उडी मारू नका, कारण तिकडचा माणूस लगेच इंग्रजीत येतो आणि मग परत फिरत नाही. 'कान दू ता दे लीते लॉंग्साम्मारे?' म्हणजे जरा सावकाश बोलता का, हे वाक्य तोंडपाठ ठेवा. तेवढ्यावर भागलं नाही तर तो शब्द लिहून दाखवा म्हणायचं. लिखाण सगळीकडं एकच आहे, आणि कागदावर आल्याबरोबर 'हेउस' मुकाट्यानं 'हूस' होतो.

परदेशी रहिवाशांसाठी सरकारी स्वीडिश वर्ग फुकट असतात, नाव नोंदवा. बाई लुंडच्या असल्या तर वर्गातच घशातला र मिळेल आणि पुढं परीक्षेच्या ध्वनिफितीत स्टॉकहोमचा. दोन्हींची तयारी इथूनच करून जा. आणि लेखी पेपरात 'पोग' लिहू नका, 'पोयके' लिहा. गुण कापतात.